सततचा पाऊस, दुपारीच अंधार आणि संपता न संपणारा हिवाळा... तुम्ही कसा काढता?

सांजसावली:
नमस्कार मंडळी. उन्हाच्या गावातून इकडे उत्तरेत आल्यापासूनचा हा माझा तिसरा हिवाळा आणि यंदा खरंच हात टेकलेत. बर्फ वगैरे नाहीच, बर्फ पडला असता तर निदान उजेड तरी दिसला असता, इथे नुसती रिपरिप. ऑक्टोबरच्या शेवटी जी झड लागते ती मार्चपर्यंत, आणि दुपारी चारला दिवे लावावे लागतात. काम घरून असल्यामुळे कधी कधी दोन दोन दिवस दाराबाहेर पाऊल पडत नाही. सकाळी अलार्म होतो, डोळे उघडतात पण अंथरूण सोडवत नाही, नऊ तास झोपूनसुद्धा अंग आंबल्यासारखं. दुपारी सारखं गोड खावंसं वाटतं. मैत्रिणींनी बोलावलं तर मी आधी हो म्हणते आणि त्या दिवशी काहीतरी कारण काढून टाळते, मग त्याचंच वाईट वाटत बसतं.
त्यात घरात ओल. कपडे वाळता वाळत नाहीत, टॉवेलला कुबट वास, आणि परवा बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर हाताच्या पंज्याएवढा काळ्या ठिपक्यांचा डाग. तो बघून का कोण जाणे, रडूच आलं.
नवरा म्हणतो, सवय होईल. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं, पण दर वर्षी जास्तच जड जातंय. तुमच्यापैकी कोणी अशा हवेत बरीच वर्षं काढली असतील तर नक्की कशाने फरक पडला ते सांगा प्लीज. 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही चालेल.

कंदील:
सांजसावली, आधी एक सांगतो, हा तुमचा आळस नाही. जास्त झोप, गोड आणि पिठाळ खाण्याची ओढ, माणसं टाळणं, आणि हे सगळं दर वर्षी त्याच महिन्यांत, हे अगदी ओळखीचं चित्र आहे. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं आणि सीझनल अफेक्टिव्ह डिसॉर्डर, म्हणजे ठरावीक ऋतूत येणारं नैराश्य, हे नाव दिलं. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत गेलेले आणि हिवाळ्यात आपला सगळा उत्साह आटतो हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं होतं. तुम्हाला तो आजार आहे असं मी म्हणत नाहीये, ते डॉक्टरच सांगतील, पण उन्हातून आलेल्या माणसाला हे बाधतं यात नवल नाही.
मला सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर उजेडाने. आणि आपल्याला किती कमी उजेड मिळतोय ते डोळ्यांना कळतच नाही, कारण डोळे जुळवून घेतात. मी एकदा फोनवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजायचं अ‍ॅप घेतलं (फोन काही अचूक नसतो, पण अंदाज येतो). सगळे दिवे लावून माझ्या टेबलावर १४० लक्स. खिडकीला नाक लावून उभा राहिलो तर ९०० च्या आसपास. आणि मग छत्री घेऊन बाहेर गेलो, आभाळ अगदी शिसवी, भुरभुर चालू, तरी आकडा साडेपाच हजारांवर! त्या दिवसापासून 'आज ऊन नाही, बाहेर जाऊन काय करायचं' हे वाक्य मी सोडून दिलं. ढगातून येणारा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.
डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात ज्यांचं काम बघणं नाही, तर दिवस उजाडलाय हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. सकाळी त्यांना पुरेसा उजेड मिळाला नाही की शरीराची रात्र लांबत जाते. त्यामुळे उजेड हवा तो सकाळचा. १९९६ साली स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात अशा पेशंटना रोज सकाळी फक्त तासभर बाहेर चालायला लावलं होतं, आठवडाभर, आणि त्यांना चांगलाच फरक पडला होता. तासभर नसेल जमत तर वीस मिनिटं, पण रोज, आणि लॅपटॉप उघडायच्या आधी. एकदा तो उघडला की मग दुपार होते आणि दुपारनंतर अंधारच.
ज्या दिवशी अजिबात निघता येत नाही त्यासाठी मी लाइट बॉक्स, म्हणजे प्रखर उजेड देणारा दिवा, घेतलाय. १०,००० लक्सचा, यूव्ही गाळणारा. उठल्यावर तासाभरात, साधारण अर्धा तास, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर ठेवून. एक मात्र नीट वाचा, डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास असेल, उजेडाने त्वचेवर रिअ‍ॅक्शन येते अशी औषधं चालू असतील, किंवा स्वतःला वा घरात कोणाला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बायपोलरमध्ये त्याने उलट उन्माद येऊ शकतो. आणि संध्याकाळी लावू नका, झोप उडते.

पागोळी:
उजेडाबद्दल कंदील यांनी छान लिहिलंय, मी घरातल्या ओलीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते मनावरचं निम्मं मळभ त्या कुबट वासानेच येतं. दार उघडून आत आलं की घराने आपल्याला कोरडं करायला हवं, तिथेही ओलच भेटली तर माणूस जाणार कुठे!
तुमच्या कपाटामागचा डाग बहुतेक बाहेरून आलेल्या पाण्याचा नसणार. बाहेरच्या बाजूची भिंत थंड असते, कपाटामागे हवा खेळत नाही, आणि आपल्या श्वासातली, आंघोळीची, स्वयंपाकाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ तिथे जाऊन बसते. मशीनमधून काढलेला कपड्यांचा एक घाणा घरात वाळवला की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, हे कळल्यावर मी बेडरूममध्ये कपडे वाळवणं त्याच दिवशी बंद केलं. आता बाथरूममध्ये, दार लावून, पंखा चालू ठेवून. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. डाग पुसताना मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, आणि कोरड्या फडक्याने घासू नका, ते कण घरभर उडतात. पुसून झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच कपाट परत लावा. डाग पुन्हा पुन्हा येत राहिला किंवा मोठा झाला तर घरमालकाला लेखी कळवा, भिंतीतून किंवा पाइपातून पाणी येत असेल तर तुमच्या पुसण्याने काही होणार नाही.
आणि रोज सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं पूर्ण उघडा. फटीएवढ्या नाही, पूर्ण.

सांजसावली:
दोघांचेही मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पागोळी, एक शंका आहे. बाहेर तर दिवसरात्र पाऊस, हवा शंभर टक्के ओली. खिडकी उघडली तर तीच ओल आत नाही का येणार? मी तर म्हणूनच सगळं गच्च बंद करून बसते.

पागोळी:
सगळ्यांना असंच वाटतं, मलाही वाटायचं, आणि नेमकी इथेच चूक होते. थंड हवेत पाणी मावतच नाही फारसं. बाहेर ५ अंश असेल आणि हवा पूर्ण ओली असेल तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिच्यात १७ ग्रॅमपर्यंत मावू शकतं, म्हणजे ती आता फक्त चाळीसेक टक्के ओली राहिली. भर पावसात उघडलेली खिडकीसुद्धा घर कोरडं करते! मात्र हीटिंग चालू हवं, थंडगार घरात हे गणित चालत नाही. आणि दहा मिनिटंच, भिंती गार पडेपर्यंत नाही. एक साधा आर्द्रतामापक घेऊन ठेवा, आकडा ४० ते ६० च्या मध्ये राहिला पाहिजे. तरीही उतरत नसेल तर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) घ्या, संध्याकाळी त्याची टाकी ओतताना किती पाणी निघतं ते बघून तुम्हाला पटेल की एवढं सगळं आपण अंगावर वागवत होतो.

काजवा:
मी सहसा लिहीत नाही, पण सांजसावली तुमचं 'डाग बघून रडू आलं' वाचलं आणि राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी मी हे सगळं 'हवेमुळे आहे' म्हणून सोडून दिलं होतं. वसंत आला की बरी व्हायचे, म्हणून दर वेळी वाटायचं की झालं, गेलं. मग एका डिसेंबरमध्ये अशी वेळ आली की दात घासायला उठणंसुद्धा डोंगर वाटायचं, ऑफिसच्या मेल उघडायची भीती वाटायची, आणि आपण नसलो तर कोणाचं काही अडणार नाही असे विचार यायला लागले. तेव्हा बहिणीने फोनवरूनच ओळखलं आणि मला डॉक्टरांकडे जायला लावलं. त्याआधी मी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे दोन मिनिटांत 'सगळ्यांनाच होतं हो' म्हणून परत पाठवलं होतं, त्यामुळे पुन्हा जायचा धीरच होत नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व सगळं तपासलं, कारण थकवा त्यानेही येतो. ड जीवनसत्त्व माझं खरंच कमी होतं, ते त्यांनी सांगितलेल्या डोसने घेतलं (मनाने भरमसाट घेऊ नका, ते शरीरात साठतं). पण तेवढ्याने मन बरं झालं नाही, त्यासाठी वेगळे उपचार लागलेच.
म्हणून कळकळीने सांगते, दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच असं वाटत असेल, कशातच जीव रमत नसेल, कामं अडायला लागली असतील, तर लाइट बॉक्स येईपर्यंत थांबू नका, आधी अपॉइंटमेंट घ्या. आणि जगणं नको वाटायला लागलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा, नवऱ्याला, इमर्जन्सीला, हेल्पलाइनला. तो त्रास खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत, मी त्यातून बाहेर आलेय.

वळचण:
काजवा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.
मी थोडं वेगळं सांगतो. मला दिव्याने बरं वाटलं, पण दिवा लावायचाच कंटाळा यायला लागला की पुढे काय? माझ्यासाठी खरी गोष्ट बदलली ती समुपदेशनामुळे. सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, त्याचा एक प्रकार खास याच त्रासासाठी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या केली रोहन यांनी १७७ जणांवर तो आणि लाइट थेरपी (लाइट बॉक्सचा उपचार) यांची तुलना केली होती, त्याचे निष्कर्ष २०१५-१६ मध्ये आले. उपचारानंतर लगेच दोन्ही गट सारखेच सुधारले, पण दोन हिवाळ्यांनंतर बघितलं तर दिवेवाल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना त्रास परत झाला होता आणि सीबीटीवाल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना. मला याचा अर्थ असा वाटतो की दिवा त्या त्या दिवशी उपयोगी पडतो आणि सवय पुढच्या वर्षीही सोबत येते.
माझ्या समुपदेशकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हवा खराब आहे म्हणून तुम्ही काय काय करायचं सोडलंत? यादी काढली तर पानभर झाली. पोहणं, गाणं, शनिवारचं मित्राकडे जाणं, सगळंच. आपण म्हणतो बरं वाटलं की जाऊ, पण गेल्याशिवाय बरं वाटत नाही. तर त्या यादीतल्या दोनच गोष्टी परत सुरू केल्या आणि दोन्ही कोणाबरोबर तरी. एकट्याने ठरवलेलं मोडतं, पण खाली कोणी भिजत उभं असेल तर आपण जातोच. तुम्ही मैत्रिणींना टाळता म्हणालात, तर त्यातल्या जवळच्या एकीला खरं कारण सांगून टाका आणि तिलाच म्हणा की मला न्यायला ये.
बाहेर पडायचं तर पाय कोरडे हवेत, हे लहान वाटेल पण यावर सगळं अडतं. बुटांचे दोन जोड आलटून पालटून, ओल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, तासाभराने बदलायचे, मोजे लोकरीचे, कारण सुती मोजे भिजले की बर्फ होतात. रेनकोटवर पाणी थेंब होऊन घरंगळायला पाहिजे, ते कापडात मुरायला लागलं असेल तर त्यावर परत वॉटरप्रूफिंगचा थर द्यायची वेळ झालीये.

कंदील:
वळचण, पटलं. दोन्ही एकत्र करायला हरकत नाहीच.
आणि एक गोष्ट जी मला दर वर्षी धीर देते. उत्तरेकडे पन्नासेक अक्षांशावर संध्याकाळ लांबायला २१ डिसेंबरपर्यंत थांबावं लागत नाही, सगळ्यात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या मध्याआधीच होऊन जातो. सकाळ मात्र जानेवारी उजाडेपर्यंत उशिरा उशिरा होत राहते. मी सूर्यास्ताच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवतो. आधी मिनिट-मिनिटाने, आणि फेब्रुवारीत एकेका आठवड्यात चांगला फरक दिसतो.

सांजसावली:
बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. डॉक्टरांना भेटून आले, त्यांनी अर्धा तास दिला, ब्लड टेस्ट झाल्या, रिपोर्ट गुरुवारी आहेत, समुपदेशनासाठीही नाव लावलंय. काजवा, तुमचं वाचलं नसतं तर मी गेले नसते.
कपाट पुढे ओढलं, भिंत पुसली, नवऱ्याने आर्द्रतामापक आणला. पहिल्या दिवशी ७८ होता, आम्ही दोघं बघतच राहिलो. खिडक्यांचं वेळापत्रक सुरू केल्यावर आज सकाळी ५९. टॉवेलचा वास गेला!! सकाळचं चालणं बारापैकी आठ दिवस झालं, त्यातले पाच मैत्रिणीबरोबर, तिला सगळं खरं सांगितलं तर ती म्हणाली अगं मलाही असंच होतं, मी तुला कसं सांगू ते कळत नव्हतं. काल चालताना एका कुंपणावर शेवाळ इतकं हिरवंगार दिसलं की दोघी थांबून बघत बसलो, पावसाचे बारीक थेंब त्याच्या टोकाटोकांवर अडकलेले.
झोप अजून जडच आहे. डॉक्टरांनी लाइट बॉक्सला हो म्हटलंय, तो कालच आला. कंदील, तो समोर ठेवून त्याच्याकडे बघायचं का? डोळे दुखतील असं वाटतंय.

कंदील:
नाही नाही, थेट बघायचं नाही. टेबलावर थोडा तिरका, एका बाजूला ठेवा, उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे, आणि तुम्ही तुमचं वाचन किंवा नाश्ता चालू ठेवा. डोकं दुखलं तर दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा. गुरुवारचे रिपोर्ट काय येतात ते नक्की कळवा.