पूर्णांकांची वजाबाकी: सहावीच्या वर्गासाठी उपक्रम सुचवा

खडूफळा:
नमस्कार. सहावीच्या वर्गात ४२ मुलं आहेत. पूर्णांकांची बेरीज जमते, पण वजाबाकीला गाडी अडते. ‘वजा वजा अधिक’ सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. −३ − ५ चं उत्तर ८ काढतात, ४ − (−२) चं २. फळ्यावर संख्यारेषा काढली की माना डोलावतात, वहीत पुन्हा तेच. ३५ मिनिटांच्या तीन तासिका देता येतील. प्रोजेक्टर नाही, खर्चही फार नको. मुलांच्या हाताला काम मिळेल असं काही आहे का?

सोंगटी:
सर, दोन रंगांच्या सोंगट्यांपासून सुरुवात करा. पुठ्ठ्याचे २ सेंमीचे चौकोन पुरतात. निळी म्हणजे +१, लाल म्हणजे −१. दोघांत मिळून १२ निळ्या, १२ लाल. एकाच सोंगटीच्या दोन बाजूंना दोन रंग देऊ नका, मुलं ती काढायच्या ऐवजी उलटवतात आणि दर सोंगटीमागे उत्तर एकाने चुकतं.

पहिल्या तासिकेला वजाबाकी काढूच नका. एक निळी आणि एक लाल मिळून शून्य, एवढंच पक्कं करा. ‘३ किती तऱ्हांनी मांडता येईल?’ असं विचारा: ३ निळ्या, ४ निळ्या १ लाल, ५ निळ्या २ लाल. हे हाताखालून गेलं नाही तर पुढचं सगळं पोकळ राहतं.

मग −३ − (−१). तीन लालमधली एक उचलली, −२ उरले. इथे कोणी अडत नाही. आता −३ − (−५). पाच लाल काढायच्या, आहेत तीनच. मुलांना इथे थोडा वेळ अडू द्या, लगेच सांगू नका. दोन शून्य-जोड्या टाकल्या की ५ लाल, २ निळ्या होतात. पाचही लाल उचला, २ निळ्या राहतात, उत्तर +२. याच रीतीने −३ − ५ ला पाच जोड्या टाकाव्या लागतात: ८ लाल, ५ निळ्या. निळ्या उचलल्या की −८.

नेहमीची चूक म्हणजे जोडी न टाकता फक्त हवा तोच रंग टाकणं. म्हणून काहीही उचलण्याआधी ‘आता मांडणीची किंमत किती?’ हे मोठ्याने म्हणायला लावा. ती अजून −३ च असली पाहिजे.

व्हरांडा:
सोंगट्या दहाच्या आत ठीक. −१२ − (−७) ला पसारा होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जमिनीवरची संख्यारेषा घ्या. −१२ ते +१२, खुणा २५, अंतर ३० सेंमी, म्हणजे ७.२ मीटर जागा. अशा तीन रेषा आखल्या की एकीवर १४ मुलं येतात. एक चालतो, एक उदाहरण वाचतो, बाकीचे पोहोचायच्या आत उत्तर वहीत लिहितात.

नियम दोनच. क्रिया तोंडाची दिशा ठरवते: बेरजेला उजवीकडे, वजाबाकीला डावीकडे. संख्येचं चिन्ह पावलं ठरवतं: धन असेल तर पुढे, ऋण असेल तर मागे. ४ − (−२): ४ वर उभं राहा, डावीकडे तोंड करा, दोन पावलं मागे या, ६. बघणारे सगळे रेषेच्या एकाच बाजूला हवेत, समोरच्यांना डावं-उजवं उलटं दिसतं. आणि उभ्या असलेल्या खुणेलाच ‘एक’ मोजतात, तिकडे लक्ष ठेवा.

पानपत्ता:
तिसऱ्या तासिकेला पत्ते. पालकांना पत्ते खटकत असतील तर जुन्या लग्नपत्रिका कापून करा. एका संचात १ ते ५ धन दोनदा आणि १ ते ५ ऋण दोनदा, २० पत्ते. चौघांना पाच-पाच वाटा आणि आपापली बेरीज लिहायला लावा. चौघांच्या बेरजांची बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली तर चूक गटानेच शोधायची, तुम्हाला तपासत बसावं लागत नाही.

मग प्रत्येकाने उजवीकडच्याच्या हातातला एक पत्ता ओढायचा. ज्याचा गेला त्याने मांडायचं: ‘माझे २ होते, −४ गेला, २ − (−४) = ६.’ ऋण पत्ता गेला की बेरीज वाढते हे मुलांना असं समजतं की पुन्हा समजवावं लागत नाही. ४२ मुलांचे चौघांचे ९ गट आणि तिघांचे २ गट होतील. तिघांच्या संचात १ ते ६ घ्या, २४ पत्ते, प्रत्येकी आठ.

खडूफळा:
फार उपयोगी, आभार. मग ‘वजा वजा अधिक’ सांगायचं कधी?

सोंगटी:
शेवटी, आणि तेही मुलांकडूनच काढून घ्या. फळ्यावर एकाखाली एक लिहा: −३ − २ = −५, −३ − १ = −४, −३ − ० = −३. पुढची ओळ −३ − (−१) मुलं स्वतःच −२ सांगतात. वाचताना क्रियेला ‘वजा’ आणि चिन्हाला ‘ऋण’ म्हणा, म्हणजे −३ − ५ हे ‘ऋण तीन वजा पाच’ होतं आणि त्यात ‘वजा वजा’ ऐकूच येत नाही.

चुणचुणीत मुलांसाठी एक काम: ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात नियम दिला आहे की शून्यातून ऋण वजा केलं तर धन येतं. रिकाम्या बाकावर, म्हणजे शून्यापासून सुरुवात करून, तो सोंगट्यांनी खरा करून दाखवायला सांगा.