दुःखाची किंमत: इंग्लंड आणि आपण

'इंग्लंडमध्ये दुःखाचेही पैसे मिळतात, आपल्याकडे फक्त पगाराचा हिशेब होतो' हे दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस गेल्यावर मिळणाऱ्या भरपाईबद्दलचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. तिथल्या १९७६ च्या कायद्यात शोकाची ठरावीक रक्कम आहे खरी, २०२० मध्ये ती १५,१२० पौंड केली. पण ती जोडीदाराला किंवा अविवाहित अल्पवयीन मूल गेलं तर आईवडिलांना. बाप गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला त्यातलं काहीही नाही! तिला फक्त आर्थिक आधार तुटल्याची भरपाई. मला हे फार क्रूर वाटतं.

आपल्याकडे मोटार अपघाताच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रणय सेठी निकालात जोडीदाराचा सहवास गमावल्याचे ४०,००० रुपये ठरवले, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढीसह. २०१८ च्या मॅग्मा निकालाने तो हक्क मुलांना आणि आईवडिलांनाही दिला. रक्कम तुटपुंजीच, पण मुलांना मोजलं तरी. खरा अन्याय उत्पन्नाच्या भरपाईच्या हिशेबात आहे. अविवाहित मुलगा गेला की सहसा निम्मं उत्पन्न त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा होतं. घरी निम्म्याहून जास्त पगार देणारी कितीतरी मुलं आपल्या ओळखीत असतात. त्यांच्या आईवडिलांनी मुलाच्या खात्यातून घरी येणाऱ्या पैशांच्या नोंदी आणि पासबुकं जपून ठेवावीत, वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवावीत.