वीस वर्षांची ऑल व्हील ड्राइव्ह एस्टेट: अजून पाच वर्षं ठेवावी की भंगारात घालावी?

घोडबंदरकर

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण घरात सुटत नाहीये म्हणून इथे टाकतोय.

दारात मे २००६ ची गाडी आहे. जपानी, पेट्रोल, मॅन्युअल, लांबुडकी, मागची सीट पाडली की सपाट डिकी (म्हणजे एस्टेट), आणि चारही चाकांना कायम ताकद (म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की निम्मी चर्चा कंपनीवर घसरते आणि उरलेली सर्व्हिस सेंटरवर. बिघाडाचे अनुभव सांगणाऱ्यांनीही एवढं पथ्य पाळावं ही विनंती.

२०२१ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुनर्नोंदणी केली, फी ६०० रुपये. २०२२ च्या एप्रिलपासून ती ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. आता पुन्हा पुनर्नोंदणीचा फॉर्म २५ भरायची वेळ आलीय. सौ. म्हणतात, त्या पैशात नव्या गाडीचा पहिला विमाही निघणार नाही, ठेव. मुलगा म्हणतो, बाबा, पुरे.

२ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गेलं काय काय? क्लच दोनदा, मागची हब बेअरिंगं, एक्सलवरची रबरी टोपणं म्हणजे बूट (मोजायचं सोडून दिलंय), रेडिएटर, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग. इंजिन उघडलेलं नाही. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) यांना फक्त तेल. म्हणजे 'चार चाकांची भानगड नको रे बाबा' असं ज्या भागाबद्दल सगळे सांगत होते, त्याच भागाने सगळ्यात कमी त्रास दिला. माझं म्हणणं असं की या गाड्या यंत्रणेने मरत नाहीत, हेळसांडीने मरतात. खोडून काढा.

पामबीच_पांडू

काढतो की.

पहिला प्रश्न, ठाण्यात ऑल व्हील ड्राइव्ह कशाला? माजिवड्याच्या सिग्नलला चारही चाकं एकाच वेळी उभी राहावीत म्हणून? घोडबंदरला तुमची गाडी लिटरला किती देते ते सोयीस्करपणे गाळलंत. मी सांगतो, आठ-नऊ. कायम फिरणारा जास्तीचा शाफ्ट, जास्तीचं डिफरन्शियल, दोन जास्तीचे एक्सल, हे सगळं ओझं वीस वर्षं रोज वाहायचं, वर्षातल्या चार दिवसांच्या चिखलासाठी.

माझ्याकडेही होती एक, २००८ ची. पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू काढली की मागून हुंकार यायचा. म्हैस उठताना काढते तसा. दोन गॅरेजवाल्यांनी अख्खं डिफरन्शियल बदलायला सांगितलं. आकडा ऐकून मी गाडीच बदलली.

घोडबंदरकर

पांडूशेठ, साडेनऊ देते. हायवेला बारा. गाळलं नव्हतं, विचारण्याची वाट बघत होतो :)

माळशेज चढून जुन्नरच्या बाजूला आमचं गाव. जुलैत शेवटचे दोन किलोमीटर कच्चे. तिथे गेली वीस वर्षं एकदाही ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही.

मेकॅनिकल_मंदार

पांडू, तो हुंकार म्हणजे दहात नऊ वेळा जुनं तेल असतं रे. तुझी दोन पंपांची यंत्रणा असणार. पुढचं चाक घसरलं की दोन पंपांच्या दाबात फरक पडतो आणि मागचा क्लच दाबला जातो. वळणावरही पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी धावतात, त्यामुळे तेल मेलं असेल तर तो क्लच अडकत-सुटत गुरगुरतो. त्या डिफरन्शियलला ठरलेलंच तेल लागतं, साधं गिअर ऑइल चालत नाही. जेमतेम लिटर-सव्वा लिटरचं काम. ते बदलायचं, मग रिकाम्या मैदानात पूर्ण स्टेअरिंग वळवून आठ-दहा गोल चकरा मारायच्या, की बहुतेक वेळा आवाज बंद.

तू तेलाच्या डब्यापायी गाडी विकलीस.

पामबीच_पांडू

हे मला २०१९ मध्ये कुणी का नाही सांगितलं? आणि हाच माझा मुद्दा आहे. दोन गॅरेजांना माहीत नव्हतं! जी गाडी दुरुस्त करणारा माणूस शोधायला धागा काढावा लागतो, ती विश्वासार्ह कशी?

अनघा_सानपाडा

पांडूदादांना अनुमोदन. आमच्याकडे बाबांची होती. बाबा गेल्यावर कुणाला विकवेना, म्हणून ठेवली. सानपाड्यात उघड्या पार्किंगमध्ये, महिन्यातून एकदा चालू करायचो. वर्षभरात उंदरांनी वायरिंग खाल्लं, बॅटरी बसली, ब्रेक डिस्कला चिकटले, खालचा पत्रा खाडीच्या हवेने पापुद्र्यासारखा निघाला. चार चाकांना ताकद होती, पण एकही फिरेना. शेवटी क्रेनने नेली. डिकीत बाबांची छत्री सापडली.

उभी ठेवायची असेल तर ठेवू नका, एवढंच सांगते.

जुनाट_जोशी

थोडा इतिहास, कारण इथे 'एस्टेट म्हणजे काय' हे विचारायला कुणीतरी येणारच.

सुबारूने १९७२ मध्ये लिओनी एस्टेट चारही चाकांवर चालवली. डोंगराळ बर्फाच्या भागात जीपपेक्षा आरामशीर काहीतरी हवं, ही गरज. ऑडीची क्वात्रो १९८० ची. आपल्याकडे मात्र एस्टेट या प्रकाराचंच कधी जमलं नाही. टाटा एस्टेट १९९२ ला आली, पुढे बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, ऑक्टाव्हिया कॉम्बी. लोकांनी कौतुक केलं आणि घेतली सेडान. डिकी वेगळी दिसली नाही तर आपल्याला गाडी घेतल्यासारखं वाटत नाही. आणि शवपेटीच्या गाडीची उपमा होतीच.

चार चाकांची एस्टेट म्हणावी अशी एक गाडी मात्र २००३ च्या सुमारास चोरपावलांनी आली होती, शेव्हरोले फॉरेस्टर. मूळची सुबारू. जनरल मोटर्सचा तेव्हा सुबारूच्या मूळ कंपनीत हिस्सा होता, म्हणून नाकावर शेव्हरोलेचं चिन्ह. आडवं बॉक्सर इंजिन, पिस्टन समोरासमोर. २००५ मध्ये हिस्सा विकला गेला आणि २०१७ अखेर शेव्हरोलेने भारतातली विक्रीच थांबवली. ज्यांच्याकडे ती आहे ते दुबईहून सामान मागवतात आणि त्याबद्दल तक्रार न करता उलट अभिमानाने सांगतात. ही जमातच वेगळी.

टायर_ट्यूब

शवपेटीच्या गाडीवर +१. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने माझ्या एस्टेटला पहिल्या दिवशी 'कुणाकडे?' असं हळू आवाजात विचारलं होतं.

वागळे_इस्टेट_वाला

घोडबंदरकर म्हणतात हेळसांड. मी माझी सांगतो, म्हणजे उदाहरण होईल.

कापूरबावडीजवळ खिळा लागून एक टायर बाजूने फाटला. बाकीचे तीन निम्मे झिजलेले. टायरवाला म्हणाला, एकच टाका साहेब, तीन चांगले आहेत की. टाकला. तीन महिन्यांनी हायवेला बोगद्यात शिरल्यावर खालून गरम तेलाचा वास.

मेस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली. काही उघडलं नाही. सुतळी घेतली, एकेका टायरभोवती गुंडाळली, गाठ मारली, जमिनीवर ताणून पट्टीने मोजली. तिघांचा घेर जवळपास सारखा, चौथ्याचा २५ मिलिमीटर जास्त. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर, जुन्याची चार. त्रिज्येत चारचा फरक म्हणजे घेरात पंचवीसचा. अशा गाड्यांना साधारण सहाच्या पुढे नको म्हणतात. मेस्त्री म्हणाले, "हे एक चाक कायम मागे पडतंय. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला वाटतंय गाडी चिखलात आहे. बिचारं तीन महिने झटतंय."

कपलिंगमधलं जाड सिलिकॉन तेल सततच्या फरकाने तापतं आणि शेवटी ते कायमचं आवळून बसतं. माझं बसलं. खर्च लिहीत नाही, इथे सौ. वाचतात.

तेव्हापासून नियम: टायर चारच्या चार. आणि दर आठ-दहा हजाराला पुढचे मागे, मागचे पुढे.

पामबीच_पांडू

बघा! एका पंक्चरची किंमत चार टायर अधिक कपलिंग. साध्या गाडीला तो टायरवाला देव ठरला असता. हेळसांड कसली यात? माणूस चूक न करता फसला.

घोडबंदरकर

पांडू, हा बाण लागला. खरंच. टायरवाल्याचा सल्ला शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्यांना बरोबर आहे.

माझी भर: टोइंग. २०१७ च्या पावसात माझी घोडबंदरला पाण्याने बंद पडली (इंजिनात पाणी नव्हतं, फक्त वायरिंग ओलं). क्रेनवाल्या पोऱ्याने पुढची चाकं उचलली आणि मागची रस्त्यावर घासत न्यायला निघाला. मी पावसात छत्री टाकून आडवा झालो. कायम चार चाकांच्या गाडीची दोनच चाकं फिरवत नेली की मधलं कपलिंग त्याच प्रवासात भाजतं. सपाट ट्रकवर घेतल्याशिवाय हलवू दिली नाही. दीड तास. मागच्यांनी हॉर्न वाजवून आईबहीण काढली.

मेकॅनिकल_मंदार

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, मागच्या डिफरन्शियलला वर एक बारीक श्वासनळी असते. गाडी गरम असताना गुडघाभर पाण्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. वरून काहीच कळत नाही. पावसाळा संपला की तेलाचा नट सैल करून दोन थेंब बघायचे. एका मित्राच्या गाडीतून निघालं ते तेल मारी बिस्किट विरघळलेल्या चहासारखं. तेव्हा बदललं म्हणून वाचली. तसंच वर्षभर फिरला असता तर बेअरिंगं खलास.

बऱ्याच युरोपी गाड्यांत मागच्या चाकांना गरजेपुरती ताकद जोडणारा हाल्डेक्स क्लच असतो, त्याचं तेल वेगळं, साधारण साठ हजाराला. सेकंडहँड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते वेगळं असतं हेच माहीत नसतं.

लालपरी_प्रेमी

माळशेजला रोज एसटी जाते. तिच्या मागच्याच चाकांना ताकद असते. पन्नास माणसं, टपावर सायकल. तुमचं चालू द्या.

घोडबंदरकर

एसटी माझ्या शेताच्या बांधापर्यंत येत नाही हो. आली तर गाडी आजच विकतो.

लालपरी_प्रेमी

बरं. पण उतारावर ओल्या रस्त्यात चार चाकांच्या ताकदीचा ब्रेकला काडीचा उपयोग नाही हे तरी मान्य? चढायला मदत होते, थांबायला नाही. घाटात कठड्याला भिडलेल्यांत चारचाकी ताकदवाले कमी नसतात. गाडी पकडून चालतेय म्हणून पाय जड होतो.

घोडबंदरकर

मान्य. शंभर टक्के.

अनघा_सानपाडा

एक विचारू? ई२० पेट्रोलचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्याचं, काय करताय? २०२३ च्या आधीच्या गाड्यांचं रबर त्यासाठी केलेलंच नाही म्हणतात.

वागळे_इस्टेट_वाला

ताई, माझ्या पेट्रोलच्या नळ्या गेल्या वर्षी बदलल्या. जुन्या हातात घेतल्या तर टोकाला फुगून मऊ पडलेल्या. ई२० मुळे की अठरा वर्षांच्या वयामुळे, छातीठोक सांगता येणार नाही, पण नव्या इथेनॉलला चालणाऱ्या टाकल्या. खर्च फार नाही. अॅव्हरेज थोडं उतरलंय. टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवत नाही, इथेनॉल पाणी ओढतं.

पामबीच_पांडू

आता शेवटचं विचारतो आणि गप्प बसतो. घोडबंदरकर, तुमची गाडी कोण बघतं?

घोडबंदरकर

वागळे इस्टेटमधले मेस्त्री. बहुधा वरच्या सुतळीवाले तेच. २००९ पासून तेच. अडुसष्ट वर्षांचे आहेत. हब बेअरिंग कंपनीकडे 'उपलब्ध नाही' होतं, तर त्यांनी जुनं काढून रॉकेलने पुसलं, कडेवर कोरलेला नंबर भिंगाने वाचला आणि मला चिठ्ठी दिली. ऑपेरा हाऊसला बेअरिंगवाल्याने मिनिटात काढून दिलं. गाडीचं नावसुद्धा विचारलं नाही. जगात तेच बेअरिंग आणखी पाच गाड्यांना लागतं.

पामबीच_पांडू

मग झालं की! तुमची गाडी विश्वासार्ह नाही हो. तुमचे मेस्त्री विश्वासार्ह आहेत. १०,००० रुपये भरून तुम्ही गाडीची पाच वर्षं वाढवाल, मेस्त्रींचं काय? त्यांनी गॅरेज बंद केलं त्या दिवशी तुमची गाडी अनघाताईंच्या बाबांची गाडी होईल.

वागळे_इस्टेट_वाला

हे वाचून पोटात गोळा आला. हो, तेच मेस्त्री. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मुलगी मागे लागलीय त्यांच्या. दिवाळीनंतर बघू म्हणतात.

घोडबंदरकर

पांडूला उत्तर नाही माझ्याकडे. मंदारला विचारतो, तू करतोस का रे जुन्या गाड्या? की नुसतं ज्ञान?

मेकॅनिकल_मंदार

नुसतं ज्ञान :) महाप्याला नोकरी आहे. पण शनिवारी मोकळा असतो. ते बेअरिंग नंबर, तेलांचे ग्रेड, कुठला नट किती आवळायचा, हे मेस्त्री लिहून ठेवतात का कुठे?

घोडबंदरकर

वही आहे. निळी, काळ्या बोटांच्या ठशांची. गाडीच्या नंबरांनुसार लिहिलंय, माझी 'एमएच ०४ लांबडी' या नावाने आहे. आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही.

मेकॅनिकल_मंदार

मी येतो शनिवारी. सकाळी किती वाजता उघडतात?

वागळे_इस्टेट_वाला

दहाला. पण साडेनऊला पोच, तेव्हा ते चहा पीत असतात आणि मूड बरा असतो. क्रीमरोल ने.

पामबीच_पांडू

मीपण येऊ का? गाडी नाहीये आता, पण तो आवाज नक्की कशाचा होता ते त्यांना विचारायचंय.