बीएस-एमडीची जागा मिळालीय, घ्यावी का?

प्रेषक: एडिसनहून एक आई

नमस्कार मंडळी,

एरवी मी या लिस्टवर नाटकाची तिकिटं आणि तांदळाची पिठी यापलीकडे काही विचारत नाही, पण आता खरंच गाडी अडलीय.

मुलगी इथे अमेरिकेत बारावीत आहे. बीएस-एमडी म्हणजे बारावीनंतर पदवी आणि मेडिकल, दोन्हीची एकत्र मिळणारी जागा. तीन ठिकाणांहून होकार आलाय आणि १ मेपर्यंत एका ठिकाणी डिपॉझिट भरायचंय. पहिली जागा सात वर्षांची: तीन वर्षं टीसीएनजेला (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि पुढची चार न्यूअर्कच्या रटगर्स न्यू जर्सी मेडिकल स्कूलला. दुसरी आठ वर्षांची, बाहेरच्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाची. नाव लिहीत नाही, कारण तिच्या शाळेतली आणखी दोन मुलं तिथे वेटलिस्टवर आहेत आणि त्यांचे आईवडील ही लिस्ट वाचतात. तिसरं रटगर्सचं ऑनर्स कॉलेज. स्कॉलरशिप छान, पण मेडिकलची कसलीही हमी नाही.

घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? सासूबाई पुण्याहून रोज विचारतात, "अगं, मेडिकलला नंबर लागला म्हणजे झालंच की, आता कसला विचार?" तिकडे नीटची परीक्षा दिली, एमबीबीएसला लागलं की विषय संपतो. इथे आधी पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग पुन्हा अर्ज, हे त्यांना समजावताना माझी दमछाक होते.

आवडीचा प्रश्न नाही. वर्षभर ती गावच्या फर्स्ट एड स्क्वाडवर ईएमटी (अँब्युलन्सवर प्रथमोपचार करणारी) म्हणून जाते. परवा पहाटे ड्युटीवरून आली ती मोरीपाशी उभी राहून बुटावरची ओकारी धूत होती आणि एकीकडे सांगत होती, की त्या आजोबांना गुजरातीशिवाय काही येत नव्हतं, हिने मोडकंतोडकं "दुखे छे?" विचारलं तर हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी हिचा हात सोडला नाही. मग दोन बशा पोहे खाऊन झोपली. पण तिचंच म्हणणं आहे, की पंचविसाव्या वर्षी मी कुठे असेन हे सतराव्या वर्षी का ठरवू?

कुणाच्या मुलांनी असा प्रोग्राम केला असेल तर कृपया लिहा.

प्रेषक: प्लेन्सबरोचे एक डॉक्टरकाका

ताई, आधी मुलीचं अभिनंदन. या जागा मूठभर असतात.

मी बी. जे. मेडिकलचा, म्हणजे माझंही सगळं बारावीच्या मार्कांवरच ठरलं होतं. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं मला कळतं. आणि इथली अनिश्चितता खरीच आहे. २०२३-२४ साली मेडिकलला ५२ हजारांवर मुलांनी अर्ज केले, प्रवेश मिळाला साधारण २३ हजारांना. ज्यांना मिळाला त्यांचा सरासरी जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) ४ पैकी ३.७७ आणि एमकॅट ५२८ पैकी ५१२च्या जवळ. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं त्या वर्षी परत फिरली, आणि ती काही ढ नव्हती. हमीला किंमत आहे.

पण ते होकाराचं पत्र घर घेताना करारनामा वाचतो तसं वाचा. पहिली गोष्ट, जीपीए किती राखायचा, आणि तो सगळ्या विषयांचा की सायन्सचा वेगळा? एमकॅट द्यायची का, आणि द्यायची तर ठरावीक स्कोअर हवा की नुसती दिली की झालं? ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा प्रोग्राम एमकॅट मागत नाही. दुसरीकडे अशाही जागा आहेत जिथे हमी फक्त नावाची, कारण एमकॅटचा आकडा गाठला नाही तर दार बंद.

तीन अधिक चारमध्ये एक गोची आहे, ती कुणी सांगत नाही. समजा दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी आला आणि जागा गेली. मेडिकलचा नेहमीचा रस्ता मोकळा असतोच, पण त्या रस्त्यावरची मुलं पहिल्या वर्षापासून रिसर्च, हॉस्पिटलचे तास, प्रोफेसरांची पत्रं जमवत असतात. तुमची मुलगी हमीच्या भरवशावर निवांत असेल तर तिच्या हातात ऐन वेळी पडलेला जीपीए आणि कोरा बायोडेटा एवढंच उरतं. म्हणून जागा घेतली तरी स्क्वाड सोडू देऊ नका.

दुसरं, हे प्रोग्राम काही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत. नॉर्थवेस्टर्नचा १९६१ पासून चालत आलेला बंद झाला, राइस-बेलरचाही झाला. न्यूअर्क आणि न्यू ब्रन्सविकची मेडिकल स्कूल एकत्र करायचं रटगर्सने २०२३ मध्येच ठरवलंय. आत असलेल्या मुलांना सहसा वाऱ्यावर सोडत नाहीत, तरी लेखी विचारा.

आता पैसे, आणि इथे जरा सावकाश वाचा. २०२५च्या जुलैत जो कायदा झाला त्यानं पदवीनंतरच्या शिक्षणाचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद केलंय. मेडिकलच्या मुलांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख, त्यावर एक पैसा नाही. पूर्वी कॉलेज सांगेल तेवढा खर्च कर्जात बसायचा. खाजगी मेडिकल स्कूलला फी, घरभाडं, जेवण धरून वर्षाला ९० हजार ते लाख सहज लागतात. वरचे ४०-५० हजार दरवर्षी कोण देणार? बँक देईल, पण को-साइन, म्हणजे जामीन म्हणून सही, तुम्हालाच करावी लागेल. त्याआधी पदवीच्या वर्षांसाठी आईवडील जे पेरेंट प्लस हे सरकारी कर्ज घेतात त्यालाही वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आलीय. तेव्हा आठही वर्षांचा हिशोब आत्ताच एका कागदावर मांडा. बाहेरच्या खाजगीपेक्षा न्यूअर्कची इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची) फी किती हलकी पडते ते तुम्हालाच दिसेल.

शेवटचा प्रश्न: दुसरीकडे अर्ज केला तर जागा जाते का? न्यूयॉर्कच्या एनवाययू मेडिकल स्कूलने २०१८ पासून फी माफ केलीय, ब्रॉन्क्सच्या आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजने २०२४ पासून. चांगल्या मुलीला तिथे नशीब अजमावून बघण्याची मुभा असणं हे लाखो डॉलरचं प्रकरण आहे.

एक वर्ष वाचतं म्हणून मात्र घेऊ नका. पंचविसाव्या वर्षी इंटर्न झाली काय आणि सव्विसाव्या झाली काय, पेशंटला फरक पडत नाही.

प्रेषक: मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, फिलाडेल्फिया

काकू, आईने मेल पुढे पाठवला म्हणून लिहितेय. मराठी सांभाळून घ्या.

काका, वर्षाच्या बाबतीत मला पटलं नाही. तुम्ही एकच वर्ष धरताय. आज नेहमीच्या रस्त्याने येणारी बहुतेक मुलं कॉलेजनंतर एक-दोन वर्षं थांबून येतात. मीही थांबले, लॅबमध्ये काम केलं. म्हणजे सात वर्षांच्या प्रोग्रामशी तुलना केली तर दोन-तीन वर्षं होतात. नंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं स्पेशालिटीचं प्रशिक्षण, तीन ते सात वर्षं. मुलींच्या बाबतीत हे गणित जरा जास्तच महत्त्वाचं आहे, आणि ते कुठलेच काका लिहीत नाहीत (रागावू नका!).

आणि थांबण्याची वर्षं काही मजेची नसतात. एमकॅट साडेसात तासांची, तिच्या अभ्यासात एक उन्हाळा जातो. मेमध्ये अर्ज उघडतो, मग प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध. मी वीसच्या वर ठिकाणी अर्ज केला. जुलैभर रात्री बसून "तुमच्यासमोरचं आव्हान" याच विषयावर वेगवेगळ्या शब्दमर्यादेत तेच तेच लिहीत होते. हे सगळं टळत असेल तर मी तरी नाही म्हणणार नाही.

माझ्या वर्गात बीएस-एमडीवाले आहेत. वयाने लहान, पण अभ्यासात मागे वगैरे नाहीत. त्यांच्यातल्या एकीने कॉलेजमध्ये संस्कृत घेतलं, कारण जीपीए सांभाळून आवडेल ते करायला वेळ होता. आम्ही प्रीमेडवाले तेव्हा सोपे क्लास शोधत फिरत होतो.

हा, जिथे शेवटी एमडी करायची ते मेडिकल स्कूल नीट बघा. डॉक्टरीच्या लायसन्सची स्टेप १ परीक्षा २०२२च्या जानेवारीपासून नुसती पास-नापास झालीय, त्यामुळे स्टेप २चा स्कोअर, रिसर्च आणि माझ्या मते कॉलेजचं नावही मॅचच्या (रेसिडेन्सीच्या जागा ठरण्याच्या) वेळी जास्त बघितलं जातं. तिला डर्मॅटॉलॉजी किंवा ऑर्थोपेडिक्स करावंसं वाटलं तर त्या कॉलेजला त्याचा स्वतःचा विभाग आहे का? आणि तिला तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी एकटीला बोलू द्या. तुम्ही कॅफेटेरियात थांबा.

प्रेषक: ब्रिजवॉटरची एक वहिनी

आमच्या मुलाने आठ वर्षांची जागा घेतली होती आणि दुसऱ्या वर्षी सोडली. आता स्टॅटिस्टिक्स करतो, मजेत आहे. दंड नाही, काही नाही. एक फॉर्म भरला, झालं. प्रोग्राम मुलांना बांधून ठेवतात ही भीती डोक्यातून काढा.

बांधून ठेवलं ते आपण. त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं, पण सांगायला त्याने आणखी एक वर्ष घेतलं. का, तर गणपतीच्या महाप्रसादाला रांगेत उभा राहिला की चार जण "काय डॉक्टरसाहेब!" म्हणायचे. मंडळाच्या दिवाळी अंकात त्याचा फोटो छापला होता, खाली "बीएस-एमडी प्रवेश". कमिटीला विनंती आहे, की सतरा वर्षांच्या मुलांचे असे फोटो छापणं बंद करा. कौतुक करायचंच असेल तर पदवी मिळाल्यावर करा. पण तेव्हा कुणी विचारतच नाही.

ताई, तुमच्या मुलीचं तसं होईल असं नाही. ओकारी धुऊन पोहे खाते म्हणजे टिकेल.

प्रेषक: प्लेन्सबरोचे डॉक्टरकाका

फिलाडेल्फियाच्या डॉक्टरीणबाई, वर्षांचं मान्य. पैशाचं मात्र सोडत नाही. खाजगीकडून पुढच्या चार वर्षांसाठी किती मदत मिळेल ते लेखी आलं नाही, तर तिथे डिपॉझिट भरू नये.

प्रेषक: एडिसनची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचे प्रश्न दोन्हीकडे मेलने पाठवले. एकीकडून दुसऱ्याच दिवशी मुद्देसूद उत्तर आलं: एमकॅटचं काय, जीपीए कुठल्या सेमिस्टरला बघतात, बाहेर अर्ज केला तर काय, सगळं. दुसरीकडून आलं, "आमचे विद्यार्थी याबाबत समाधानी असतात." मेडिकलच्या चार वर्षांच्या मदतीबद्दल त्यात चकार शब्द नाही. नवऱ्याने आठ वर्षांचा हिशोब मांडला आणि खाजगीच्या रकान्यापाशी बराच वेळ गप्प बसला होता. आता तोच म्हणतो, तो पर्याय जवळजवळ बाद.

म्हणजे सामना टीसीएनजे आणि रटगर्सच्या ऑनर्स कॉलेजमध्ये आहे. मुलगी शुक्रवारी टीसीएनजेच्या दोन मुलींना भेटायला चाललीय. मी गाडीत बसणार आहे. तिची यादी मी बघितली. जीपीएचा एक प्रश्न आहे, बाकी जेवण कसं असतं, तीन वर्षांत एक सेमिस्टर परदेशी जायला मिळतं का, आणि जवळच्या स्क्वाडवर रात्रीची ड्युटी मिळेल का.

वहिनी, कमिटीला मीही लिहिलंय. फोटो मागायला फोन आला होता, नको म्हटलं.