बेसबॉलच्या पैजेतले अधिक-उणे आकडे कसे वाचायचे? सल्ला हवा

एडिसनकर:
ऑफिसात एक रेड सॉक्सचा पक्का चाहता आहे, मी यांकीजचा. दर सामन्याला पाच-दहा डॉलरची पैज लावायचं ठरलंय. त्याने पाठवलेल्या भावात यांकीज उणे १५० आणि रेड सॉक्स अधिक १३० असं आहे. क्रिकेट आयुष्यभर पाहिलं, पण हे गणित उलगडत नाही. बरोबरीने पैसे लावले तर अन्याय कोणावर होतो? कृपया नीट समजावून सांगा.

तिसरा तळ:
उणे म्हणजे जिंकण्याची शक्यता जास्त असलेला संघ. १०० डॉलर कमवायला तिथे १५० लावावे लागतात. अधिक १३० म्हणजे १०० लावून जिंकलात तर वर १३० मिळतात.

आता जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के काढा. १५० भागिले २५० म्हणजे ६०. दुसरीकडे १०० भागिले २३०, म्हणजे साधारण ४३.५. बेरीज १०३.५ येते. हे वरचे साडेतीन पैज घेणाऱ्या कंपनीच्या गल्ल्यात जातात. तुम्हा दोघांत कंपनी नाही, तेव्हा ते काढून टाका. ६० ला १०३.५ ने भागलं की ५८ टक्के उरतात, समोरच्याचे ४२. म्हणजे जवळजवळ सातास पाच. तुम्ही ७ डॉलर ठेवा, त्याने ५, जिंकेल त्याने बाराही उचलावेत. बरोबरीने लावलेत तर नुकसान त्याचं होईल.

नाबाद:
एवढा हिशोब कशाला? यांकीजना दीड धाव मागे ठेवा, म्हणजे दोन धावांनी जिंकले तरच पैज तुमची. मग दोघांनी सारखे पैसे लावावेत.

तिसरा तळ:
नाबाद, यात मोठी मेख आहे. यजमान संघ नेहमी नंतर फलंदाजी करतो; नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाच्या उत्तरार्धाआधी तो पुढे असेल तर तो फलंदाजीला येतच नाही. बरोबरी असेल तर विजयी धाव निघताच खेळ थांबतो. त्यामुळे यजमानांचे बरेच विजय एकाच धावेचे असतात. यांकीज घरी खेळत असतील तर दीड धावेचं ओझं फार जड पडेल. नवख्यांनी निव्वळ जय-पराजयावरच पैज लावावी, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वकिनारा:
एडिसनकर, क्रिकेटवाल्यांचा घोळ होतो तो पिचरपाशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापाशी. सामना सुरू करणारा पिचर साधारण पाच दिवसांनी परत येतो. संघ तेच, मैदान तेच, तरी आज उणे १५० असलेला संघ उद्या अधिकात जाऊ शकतो. म्हणून भाव पाहताना दोन्हीकडचे पिचर आधी बघा. ऐनवेळी पिचर बदलला तर पैज रद्द, हे आजच बोलून घ्या. पावसाने खेळ अर्धवट राहिला तर काय, तेही.

आणि ५८ टक्के म्हणजे फार मोठी खात्री समजू नका. २०२४ मध्ये डॉजर्सनी १६२ पैकी ९८ सामने जिंकले, त्या हंगामात सर्वाधिक. म्हणजे ६४ हरले. त्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले, तरी ४१ वेळा जिंकलेच. एका संध्याकाळी काहीही होतं, हीच या खेळाची गोडी!

एडिसनकर:
मनापासून आभार. शनिवारचा भाव उणे १४० आणि अधिक १२० आहे. मी काढलं ते असं: ५८.३ आणि ४५.५, बेरीज १०३.८. कंपनीचा वाटा वजा केल्यावर ५६ आणि ४४. मग नवास सात बरोबर का?

तिसरा तळ:
अगदी बरोबर. मात्र शनिवारी सकाळी भाव पुन्हा बघा, आणि कोणत्या वेळचा भाव धरायचा ते मित्राशी आधी ठरवा.