नील स्टीव्हन्सनची अडीच हजार पानं: कादंबरी की माहितीचा रतीब?

उंबरठा (धागाकर्ता)

विज्ञानकथा लिहिणारा माणूस इतिहासाकडे वळला की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत अचाट उदाहरण म्हणजे नील स्टीव्हन्सनची 'बरोक सायकल' ही कादंबरीमालिका. 'स्नो क्रॅश' लिहिणारा हा अमेरिकन लेखक. 2003 ते 2004 या दोन वर्षांत त्याने 'क्विकसिल्व्हर', 'द कन्फ्यूजन' आणि 'द सिस्टीम ऑफ द वर्ल्ड' असे तीन ठोकळे वाचकांच्या डोक्यात घातले. आत आठ भाग, पानं अडीच हजारांच्या वर. आमच्या वाचनगटात यावरून भांडण झालं आणि ते मिटलं नाही, म्हणून इथे काढतोय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅल्क्युलस (बदलत्या राशींचं गणित) आधी कुणी शोधलं, न्यूटनने की लाइब्निझने, हा वाद पेटलेला आहे. दोघांचाही मित्र असलेल्या डॅनियल वॉटरहाऊस या काल्पनिक म्हाताऱ्याला तो मिटवायला 1713 साली बॉस्टनहून बोलावणं येतं. तिथून मागे जात लंडनचा प्लेग, 1666 ची आग, रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था, इंग्लंडमधली 1688 ची राज्यक्रांती. सोबत जॅक शाफ्टो नावाचा भटका भामटा आणि 1683 मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात त्याला सापडलेली एलायझा, जी पुढे ॲमस्टरडॅमच्या शेअरबाजारात भल्याभल्यांना पाणी पाजते.

माझं मत: या पुस्तकांची लांबी हेच त्यांचं काम आहे. विज्ञानकथाकाराला नवा ग्रह उभारताना तिथे हवा काय, पाणी कुठून येतं, पैसा कसा फिरतो, हे सगळं ठरवावं लागतं. हा माणूस सतराव्या शतकाकडे त्याच नजरेने बघतो. 1696 मध्ये न्यूटन इंग्लंडच्या टांकसाळीवर अधिकारी म्हणून गेला ही शाळेत एका ओळीत उरकलेली गोष्ट. इथे कळतं की चांदीची नाणी कडा कातरून कातरून हलकी झाली होती, लोक खरं नाणं दडवून कातरलेलं पुढे सरकवत होते, आणि ज्या राज्याचं नाणं खोटं त्याला लढाईसाठी कर्ज कोण देणार? विज्ञान, सावकारी आणि राजकारण तेव्हा एकाच घरात नांदत होतं, हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकाने इतकं नीट दाखवलं नव्हतं.

सुपारीफोड: साफ असहमत

माहिती हवी असेल तर मी इतिहासाचं पुस्तक वाचेन ना राव. कादंबरीत मला माणसं हवीत. यातली माणसं भेटली की एकमेकांना व्याख्यानं देतात. पलंगावर असोत, गलबतावर असोत, फाशीच्या वाटेवर असोत, हुंडी कशी वटते हे समजावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि बोलतात कशी? कॅलिफोर्नियातले इंजिनिअर चहाच्या सुट्टीत बोलतात तशी.

एलायझाबद्दल तर बोलायलाच नको. सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत हुशार, गुप्त लिपीत पत्रं लिहिते, हेरगिरी करते, बाजार पाडते, सरदारांना नाचवते. अहो, बाईला एखादा दिवस कंटाळा तरी येऊ दे!

लेखकाने हे सगळं शाईच्या पेनाने हाताने लिहिलं म्हणतात. इतके कष्ट घेऊन लिहिलेलं कापायला जीव होणार कसा? संपादकाने तरी कात्री चालवायची होती. नाण्यांच्या कडा कातरल्या त्याच्या निम्म्याने जरी पुस्तक कातरलं असतं तर मी आज तुमच्या बाजूने असतो.

उंबरठा

@सुपारीफोड, व्याख्यानं आहेत, मान्य. पण माणसं नाहीत हे पटत नाही. केंब्रिजच्या खोलीतला तो प्रसंग आठवा. तरुण न्यूटन रंग कसे दिसतात हे तपासायला दाभणासारखी बोथट सुई स्वतःच्या डोळ्याच्या खोबणीत, डोळ्याचा गोळा आणि हाड यांच्या मध्ये सारतो आणि मागून दाबतो. दिसलेली रंगीत वर्तुळं शांतपणे टिपून ठेवतो. हा प्रयोग त्याने खरोखर केला होता, त्याच्या वहीत आहे. स्टीव्हन्सन तिथे डॅनियलला उभा करतो. त्या एका प्रसंगात डॅनियलला, आणि मलाही, कळलं की या मित्राच्या वाटेला आपण जाऊ शकत नाही. त्याच्यावर प्रेमही वाटतं आणि भीतीही. याला व्यक्तिचित्रण म्हणायचं नाही तर कशाला?

रविवारची_सुस्ती: +१ धाग्याला

माझ्यासाठी रॉबर्ट हूक. शाळेत स्प्रिंगच्या नियमापुरता भेटलेला माणूस इथे कुत्र्याची छाती उघडून भात्याने त्याच्या फुफ्फुसात हवा भरतो आणि नंतर त्या किंकाळ्या विसरू शकत नाही. हाही प्रयोग खरा. ती पानं वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

बाकी 'क्विकसिल्व्हर'ला 2004 चं आर्थर सी. क्लार्क पारितोषिक मिळालं, म्हणजे विज्ञानकथेचं! कथेत एक न मरणारा इनॉक रूट सोडला तर विज्ञानकथा औषधाला नाही. परीक्षकांनाही बहुतेक धागाकर्त्यासारखंच वाटलं असावं.

कोकणकडा: आणि आपले मराठे?

इतका वेळ कुणी बोललं नाही म्हणून आश्चर्य वाटतंय. 'द कन्फ्यूजन'मध्ये जॅक हिंदुस्थानात येतो. अहमदाबादेत जनावरांच्या पांजरपोळात किड्यांना स्वतःचं रक्त पाजायची नोकरी करतो (हसलो, खोटं कशाला बोलू). मलबारात चाच्यांची राणी भेटते, तिथे सागवानी जहाज बांधलं जातं. या सगळ्यात मराठे येतात ते वाटेवरचा अडथळा म्हणून. लघवी आटवून काढलेल्या फॉस्फरसच्या उजेडाने त्यांना घाबरवायचं आणि पुढे जायचं, संपलं.

मला अस्मितेचं गळू झालेलं नाही. तक्रार वेगळी आहे. 1689 मध्ये संभाजी महाराज गेले, त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला. जिंजी 1698 पर्यंत झुंजली. खजिना रिकामा, राजा शेकडो कोस दूर, तरी सैन्य उभं राहत होतं ते कशावर? रामचंद्रपंत अमात्यांनी वतनांच्या सनदा दिल्या, चौथाई होती, संताजी-धनाजी मोगली रसद तोडत होते, बंजाऱ्यांचे तांडे अडले की छावणीत धान्य महाग. पैशावर चाललेलं युद्ध म्हणतात ते हेच! जो लेखक जर्मनीतली लाइपझिगची जत्रा आणि हार्ट्झच्या चांदीच्या खाणी पान-पानभर समजावतो, त्याच्या हाताशी अगदी त्याच्याच आवडीचा विषय होता आणि त्याने तिथे भुताटकीचा खेळ लावला.

उंबरठा

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. माझा बचाव एवढाच की तो भाग जॅकच्या नजरेतून आहे. त्या भामट्याला वतन म्हणजे काय हे कळायचं कारण नाही. फॉस्फरसही हवेतून आलेला नाही; ब्रांट नावाच्या हॅम्बुर्गच्या किमयागाराने 1669 मध्ये लघवीतूनच तो काढला होता, आणि पहिल्या खंडात त्याची पेरणी झालेली आहे. मराठ्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी प्रसंग तसाच झाला असता.

कोकणकडा

"दुसरं कुणी असतं तरी तसाच झाला असता" यातच माझा मुद्दा आला. युरोपातल्या प्रसंगात माणसं बदलून बघा, जमतं का? तिथे लुई चौदाव्याच्या जागी दुसरा राजा चालणार नाही. इथे कोणीही चालतो.

आणि जॅकला कळत नसेल तर त्याच्यासोबत सुरेंद्रनाथ नावाचा व्यापारी हिंडतोय की. त्याला चांगलं माहीत असणार. लेखकाने त्याला विचारलंच नाही.

सुपारीफोड

वा! व्याख्यान कमी पडलं अशी तक्रार या धाग्यावर वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. कोकणकडा, तुम्ही माझ्या बाजूने आहात की त्यांच्या?

कोकणकडा

दोघांच्याही नाही. व्याख्यान असू दे, पण जिथे हवं तिथे असू दे.

नवशिक्या: एक प्रश्न

तीनदा सुरू करून सोडलंय. दरवेळी म्हातारा डॅनियल जहाजावर, मागे काळ्या दाढीवाला चाचा, आणि मध्येमध्ये केंब्रिजच्या आठवणी. चाचा काही पोहोचत नाही आणि आठवणीही संपत नाहीत. पुढे बरं होतं का?

उंबरठा

सरळ पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागापासून, 'किंग ऑफ द व्हॅगाबाँड्स'पासून सुरू करा. जॅक आणि एलायझा तिथे आहेत, व्हिएन्नाचा वेढा आहे, पळापळ आहे. गोडी लागली की मग डॅनियलकडे परत या. लेखकाचा अपमान होत नाही, भाग बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. आणि अगदीच धीर नसेल तर 2024 चं 'पोलोस्तान' बघा. हाही इतिहासच, 1930 च्या दशकातली अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, आणि पानं तीनशेच्या आसपास.

सुपारीफोड

नवशिक्या, बारीक आहे म्हणून हुरळू नका. तोही मालिकेचा पहिलाच खंड आहे.