रात्रीचं ग्रुप एमटीबी रायडिंग, जळगाव परिसर: लाईट, काटे, शिवार

मेहरूणकर

राम राम मंडळी. आमचा आठ जणांचा ग्रुप आहे, सगळ्यांकडे २९ इंची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक (एमटीबी). शिवाररस्ते, पाटाच्या कडेची वाट, माळावरचा मुरूम हे दिवसा चालवायची सवय आहे. पण एप्रिल लागला की सकाळी आठलाच चटके बसतात, म्हणून संध्याकाळी साडेसातला निघून अकराच्या आत परत यायचा विचार आहे. लाईट किती ताकदीचे आणि कुठे लावायचे? काट्यांचं काय करायचं? आठ जण अंधारात एकत्र कसे चालवायचे? दोघांचं म्हणणं आहे की थेट सातपुड्याच्या पायथ्याला, पालच्या बाजूला जाऊ. जमेल का? सगळ्यांचे टायर २.२५ इंची, पाच जण ट्यूबवर आणि तीन जण ट्यूबलेसवर आहेत.

रानवाट_धुळे

लाईटपासून धरू, कारण वेग, अंतर, क्रम सगळं त्यावर ठरतं. माणशी दोन लागतात, एक हँडलवर आणि एक हेल्मेटवर. हँडलचा पसरट झोताचा, ८०० ते १२०० लुमेन (उजेडाचं माप). तो खालून पडतो, त्यामुळे दगडामागे आणि चाकोरीच्या कडेला सावली उठते, आणि त्या सावलीवरूनच खोली कळते. हेल्मेटचा अरुंद झोताचा, ६०० ते ८०० लुमेन. तो डोळ्यांच्या जवळून निघतो म्हणून सावल्या पुसतो, पण वळणावर तुम्ही बघाल तिकडे पडतो. हँडलचा झोत वळणात सरळ झुडपात जातो. नुसत्या हेल्मेटच्या लाईटवर चालवलं तर रस्ता सपाट भासतो आणि खड्डा चाक आत गेल्यावरच कळतो. पैसे एकाच चांगल्या लाईटपुरते असतील तर तो हँडलला लावा आणि हेल्मेटला ३०० लुमेनचा साधा हेडटॉर्च पट्ट्याने बांधा.

हँडलच्या झोताचा मध्य १० ते १२ मीटरवर पडू द्या, हेल्मेटचा २० ते २५ वर. हे घराबाहेर अंधाऱ्या रस्त्यावर पावलं मोजून लावून घ्या, वाटेवर अंदाजाने नको.

आता वेग. ताशी २० किलोमीटरला सेकंदाला साडेपाच मीटर जाता. अंधारात काहीतरी दिसून बोट ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ८ मीटर गेले. सुट्या मुरमावर थांबायला आणखी ४. एकूण १२ मीटर, लाईटच्या आवाक्यात. ताशी ३० ला हाच हिशोब २१-२२ मीटरवर जातो, म्हणजे हँडलच्या झोतापलीकडे. म्हणून शिवारात २० ही वरची मर्यादा धरा, ओळखीच्या वाटेवरसुद्धा. दिवसा ३५ ने उतरता तो उतार रात्री ३५ चा राहत नाही.

बॅटरी: १००० लुमेनला साधारण १० वॅट लागतात. १८६५० मापाचे (परत चार्ज होणारे), ३००० एमएएच क्षमतेचे दोन सेल म्हणजे सुमारे २१ वॅट-तास, पूर्ण उजेडावर दोन तास. तुमची राईड तीन तासांची आहे. चढावर वेग ८-१० असतो, तिथे ३० टक्के उजेड पुरतो. पूर्ण उजेड उतारासाठी राखा. बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं, आणि असं छापणाऱ्याने आत काय भरलंय ते अर्ध्या वाटेवर लाईट गेल्यावर समजतं. ग्रुपमध्ये एक जास्तीचा लाईट पूर्ण चार्ज करून ठेवा.

आपल्याकडची एक खास अडचण: एलईडी हवेने थंड होतो. एप्रिलमध्ये रात्री आठलाही हवा ३५ अंशांच्या वर असते. पूर्ण उजेडावर उभे राहिलात की लाईट तापतो आणि आपोआप मंद होतो. थांबलं की लगेच सगळ्यात कमी उजेडावर आणायचा.

गिरणाकाठ

लाईटबद्दल एवढंच जोडतो: फुफाट्यात हेल्मेटचा लाईट बंद करा. पुढच्याने उडवलेली धूळ डोळ्यांसमोरच उजळते आणि पांढरी भिंत उभी राहते. हँडलचा लाईट खाली असतो, तो धुळीखालून बराच जातो.

काटे. आपल्याकडे पंक्चर तीन प्रकारचं. सराटा बारीक भोक पाडतो पण एका वेळी दहा ठिकाणी. बाभूळ आणि वेडी बाभूळ लांब काटा देतात, तो टायरमधून आरपार जाऊन कधी ट्यूबच्या दुसऱ्या बाजूलाही भोक पाडतो. तिसरी धसकटं, तूर आणि पऱ्हाटीची. तिरकं कापलेलं धसकट टायरची बाजूच फाडतं, तिथे सीलंट (टायरमध्ये भरायचा, भोक बुजवणारा द्रव) हात टेकतं. वावरातून आडवं जायचं नाही, बांधाच्या कडेची वाटच धरायची.

ट्यूबलेसवाल्यांनी २९ x २.२५ ला चाकाला १०० ते १२० मिलि सीलंट ठेवा. पाकिटावर दोन-तीन महिने लिहिलेलं असतं, आपल्या उन्हाळ्यात चार ते सहा आठवड्यांत आतला द्रव सुकून त्याच्या गोळ्या होतात. चाक कानाजवळ हलवून बघा. पचपच आवाज आला नाही तर नवं भरा. काटा दिसला आणि हवा जात नसेल तर घरी येईपर्यंत काढू नका. जात असेल तर काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, सीलंट तिथे जमतं. तरी थांबलं नाही तर प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी) मारा.

ट्यूबवाल्या पाच जणांनी व्हॉल्व्हचा कोर (आतली पिन) निघणाऱ्या ट्यूब घेऊन त्यात ८० मिलि सीलंट भरा. सराट्यांचा प्रश्न बहुतेक मिटतो, बाभळीचा अर्धा. हवा: ७० किलोच्या माणसाला ट्यूबलेसवर पुढे २१-२२, मागे २४-२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ट्यूबवर चार-पाच जास्त, नाहीतर दगडाच्या कडेवर रिममध्ये चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. रात्री दगड उशिरा दिसतो म्हणून हे पंक्चर दिवसापेक्षा जास्त होतं.

ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट नाही, फडकं फिरवा. काट्याचं टोक आत राहिलेलं असतं, फडक्याचा धागा तिथे अडकतो. नवी ट्यूब दोन मिनिटांत बसली तर ही पायरी गाळली गेली असं समजा.

तापीकाठचा_सायकलवाला

वरच्या दोघांनी सायकलचं सांगितलं, मी शिवाराचं सांगतो. रात्रीचं शिवार रिकामं नसतं. शेतीची लाईट बऱ्याच वेळा रात्रीच मिळते, त्यामुळे माणसं केळीला पाणी भरायला वावरात असतात. याचे तुमच्यासाठी दोन परिणाम.

पहिला, पंपाच्या केबल चोरीचा त्रास सगळीकडे आहे. आठ झोत अंधारात वावरातून येताना दिसले की लोक काठ्या घेऊनच बाहेर येणार, आणि त्यांचं चुकत नाही. ज्या गावांच्या शिवारातून जाणार तिथल्या पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करून वेळ आणि वाट सांगा. वस्तीजवळ हेल्मेटचे लाईट बंद, वेग कमी, मोठ्याने बोलत जा. कोणी हाक मारली तर थांबा, "राम राम दादा, जळगावहून आलोय, सायकलवर फिरतोय" एवढं पुरतं.

दुसरा, वाट दिवसा कोरडी होती ती रात्री ओली मिळते. पाट फुटलेला असतो किंवा ठिबकची नळी निसटलेली असते. काळी माती ओली झाली की दहा फुटांत चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते. तिथे पॅडल मारत राहिलात तर चिखलाने जड झालेली चेन डिरेल्यरला (गिअर बदलणारा मागचा भाग) मागे ओढते, तो फ्रेमला धरणारा हँगर तुटतो आणि डिरेल्यर स्पोकमध्ये जातो. ओली चकाकी दिसली की उतरा, सायकल खांद्यावर घ्या, पलीकडे गेल्यावर काडीने चेन आणि कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) साफ करा, मगच बसा. उलट कोरड्या काळ्या मातीत आता तीन-चार बोटं रुंद भेगा असतात. त्या वाटेला समांतर आल्या तर पुढचं चाक धरून ठेवतात. काटकोनात ओलांडायच्या.

तारेचं नीट लक्षात ठेवा. रानडुकरांसाठी बांधावर झटका मशीनची तार असते, तिचा फटका बसतो पण शक्यतो जीव जात नाही. काही ठिकाणी मात्र थेट लाईनवरून आकडा टाकलेला असतो. तो बेकायदा आहे आणि त्यात माणसं मरतात. दोन्ही तारा अंधारात सारख्याच दिसतात. म्हणून बांधावरच्या कुठल्याही तारेला हात नाही, सायकल टेकवायची नाही, लघवीलासुद्धा तारेजवळ जायचं नाही. वाटेवर आडव्या काट्या ओढलेल्या दिसल्या तर तो शेतकऱ्याचा "बंद" आहे, वळून दुसरी वाट धरा. कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी दिवसा जाऊन नकाशावर मांडून ठेवा. ही पाहणी राईडच्या आधी दोन दिवसांच्या आत हवी. महिन्यापूर्वीची कामाची नाही, शिवार रोज बदलतं.

या दिवसांत कापणी झालेल्या वावरात मेंढ्या बसवलेल्या असतात. वाड्याची कुत्री लांबून येतात. सगळे उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये, झोत जमिनीवर, मेंढक्याला हाक. पळवून सुटायचा प्रयत्न अंधारात पडण्यातच संपतो.

आता आठ जणांचा क्रम. पुढे सगळ्यात वेगवान नाही, वाट पाहून आलेला. शेवटी दमाचा आणि दुरुस्ती येणारा, हत्यारं त्याच्याकडे. नवखे पुढून दुसरे-तिसरे. मधलं अंतर १५ मीटर, फुफाट्यात ३०. प्रत्येक फाट्यावर पुढचा थांबतो आणि शेवटच्याने स्वतःचा आकडा "आठ" म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही. मागचे लाईट लाल, मंद, स्थिर. लुकलुकणाऱ्या लाईटने मागच्याला अंतर कळत नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात: एक म्हणजे थांबा, तीन म्हणजे कोणी पडलंय. बोलताना समोरच्याच्या तोंडावर झोत टाकू नका, त्याचे डोळे अंधाराला परत सरावायला कित्येक मिनिटं जातात. चष्मा सगळ्यांना, काच पारदर्शक.

पाणी माणशी दोन लिटर, शिवाय ओआरएस. सूर्य नाही म्हणून घाम कमी येतो हा समज खोटा आहे.

मेहरूणकर

मनापासून आभार. पोलीस पाटलांचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. पालचं कोणी बोललं नाही. आणि साप?

रानवाट_धुळे

पाल यावल अभयारण्यात येतं. रात्री तिथे सायकली घेऊन शिरायचं नाही. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती वेळ जनावरांची आहे, त्यांच्या पाणवठ्यावर आठ झोत नेणं चुकीचं. पाटणादेवीच्या बाजूचं गौताळा औट्रमघाटही तसंच. अभयारण्याबाहेरचं वनखात्याचं रान असेल तर वनक्षेत्रपालांना आधी विचारा. सुरुवातीला शिवाररस्त्यांवर २० किलोमीटरचा गोल फेरा आखा, ज्यात कुठूनही डांबरी रस्ता तीन किलोमीटरच्या आत असेल. कोणी पडलं तर १०८ ची गाडी डांबरीपर्यंतच येणार आहे.

बिबट्या केळीच्या पट्ट्यातही असतो. डोळे चमकले तर सगळे एकत्र येऊन उभे राहा, खाली वाकू नका, आवाज करा, त्याला जायला वाट द्या. मग वनखात्याच्या १९२६ वर कळवा.

साप: घोणस, फुरसं, मण्यार तिघेही रात्री हिंडतात. विश्रांती आणि पंक्चरचं काम उघड्या मुरमावर, दगडांच्या ढिगाजवळ किंवा गवतात नाही. आडवी ठेवलेली सायकल उचलण्याआधी खाली उजेड टाका. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अंगठी-घड्याळ काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, त्याला चालवू नका, १०८ लावा. सापाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

गिरणाकाठ

हत्यारांच्या पिशवीत काय ते राहिलं. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, प्लग, ४-५-६ मिमीच्या ॲलन की आणि टी२५ ची स्टार की, चेन ब्रेकर, झिप टाय. मिसिंग लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) तुमच्या गिअरच्या संख्येनुसार, ९ ची १२ ला बसत नाही. ग्रुपमध्ये दोन प्रकारच्या चेन असतील तर दोन्ही ठेवा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि आपल्याकडच्या दुकानात पटकन मिळत नाही, तो आत्ताच मागवून ज्याचा त्याच्या बॅगेत टाका.